कौल मिळत नाय

भुवड मेस्त्रींना मी न्हाव्याच्या खुर्चीत पकडलं.

गळ्याभोवती पांढरं फडकं, दोन्ही गालांवर साबणाचा फेस आणि सदूचा वस्तरा बरोबर कानाखाली. इतका जागेवर बसलेला हा माणूस मला संक्रांतीपासून सापडला नव्हता. बाईमाणूस दुकानात शिरलेलं पाहून बाकावरचे दोघे एकाच पेपरात तोंड घालून बसले.

"हलू नका मेस्त्री," मी म्हटलं. "गाल कापेल."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "वैनी, तुम्ही कशाला दगदग केली? मीच येणार होतो सांजच्याला."

ही सांज मला पाठ होती. आधी ती संक्रांतीनंतरची सांज होती, मग माघी गणपतीनंतरची झाली, मग मेस्त्रींच्या पुतणीच्या साखरपुड्यानंतरची. शिमग्यात पालखी घरोघर फिरत असताना कामाचं बोलणंच चूक. पालखी देवळात परत बसली आणि मेस्त्रींचा फोन लागेनासा झाला. आता वैशाख निम्मा सरला होता आणि माझं घर अजून उघडं होतं.

आदल्या ज्येष्ठात वादळ आलं तेव्हा मागच्या परसातल्या फणसाने आमच्या घरावर अंग टाकलं. आढं, म्हणजे छपराचा कणा असतो तो, मधोमध मोडला आणि दोन्ही पाख्यांची, म्हणजे उतरत्या बाजूंची, कौलं घरात आली. तेवढी मागची पडवी शाबूत राहिली. तिच्यात चूल, देव, गादी, कोकमाच्या बरण्या आणि मी, असा एक सबंध पावसाळा निळ्या ताडपत्रीच्या आडोशाने काढला. आमचे हे मस्कतला एका गोदामावर कामाला होते. ते तिथून फोनवर मला ताडपत्रीच्या दोरीला गाठ कशी मारायची ते शिकवायचे. गाठ सुटली की माझं चुकलं, टिकली की त्यांचं बरोबर होतं.

सुधाकर भुवड आमच्याकडे छपरांचा ठेका घ्यायचे. वादळानंतर त्यांना जेवायला फुरसत नव्हती, हे मलाही दिसत होतं. पण त्यांनी खालच्या वाडीतली घरं झाकली, शाळा झाकली, गणपतीपुरता दिवा लागतो अशी मुंबईकरांची बंद घरंसुद्धा झाकली. सगळी पत्र्याची. लोखंडी पाइप उभे करायचे, वेल्डिंग मारायचं, वर निळे नाहीतर तांबडे पत्रे. मेस्त्री खाली उभे राहून हात करायचे आणि त्यांचे वेल्डर वर माकडासारखे फिरायचे. आठवड्याभरात घर तयार.

मला पत्रे नको होते. माझी अक्षता पहिलटकरीण, आषाढात दिवस भरणार होते. पत्र्यावर आषाढातला पाऊस म्हणजे डोक्यावर कुणी रात्रंदिवस खडी ओततंय. त्याच्याखाली तान्हं मूल झोपणार कसं आणि बाळंतिणीला डोळा लागणार कधी? यांनी मस्कतहून पुष्कळ सांगितलं, पत्रे टाक आणि मोकळी हो. मी ऐकलं नाही. मेस्त्रींनीही तेव्हा माझीच बाजू घेतली होती. बाळंतिणीच्या डोक्यावर कौलंच हवीत वैनी, मी स्वतः घालीन, असं ओटीवर बसून, चहा पिऊन सांगितलं होतं. कौलं घालणारा हात आसपास दुसरा उरलाही नव्हता. नवी माणसं पत्र्यातली, जुन्यांचे गुडघे गेलेले.

त्यांनीच शेजारच्या गावचा सुतार बघून दिला. त्याने नवं आढं चढवलं, वासे टाकले, वाशांवर आडव्या रिपा ठोकल्या आणि तो लेकाकडे मुंबईला निघून गेला. तेव्हापासून माझं घर खाऊन ठेवलेल्या माशाच्या काट्यासारखं उभं होतं.

"अडलंय काय ते एकदा तोंडाने सांगा," मी आरशातल्या मेस्त्रींना म्हटलं. "साखरपुडा झाला, शिमगा झाला. आता कुणाचं काय राहिलंय?"

सदूने वस्तरा उचलून धरला. त्यालाही ऐकायचं होतं. मेस्त्री जरा वेळ स्वतःकडेच बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "काय सांगू वैनी. कौल मिळत नाय."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर. वादळानंतर कौलांची टंचाई होती हे कुणीही सांगितलं असतं, कारखाने तर कधीच बंद पडलेले. मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं, कौलांचं मी बघते. मेस्त्रींनी एकदम मान वळवली. सदू ओरडला. कानाखाली बारीकशी लाल रेघ उमटली.

"तुम्ही कशाला बघता?" ते म्हणाले.

"मीच बघते. तुम्ही फक्त या."

पेपरातून आवाज आला, "अहो वैनी, पायलटला कौलं कशाला? एक पत्रा द्या, उडत येतील."

सगळे हसले. फेसातून मेस्त्रीही हसले.

हे पायलट प्रकरण नव्या माणसाला सांगावं लागतं. वादळाच्या दिवशी सकाळी मेस्त्री बंदरावरच्या सुक्या मासळीच्या गोदामावर चढले होते, पत्रे दोरखंडाने बांधायला. वारा आला तो एक सबंध पत्रा उपसून घेऊन गेला, आणि पत्र्याच्या कडेला मेस्त्री. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पत्रा माडांवरून गेला, शाळेमागे वळला आणि मेस्त्रींना एका पेंढ्याच्या उडवीत टाकून पुढे खाडीत पडला. अंगावर ओरखडा नाही. गावाची घरं गेली होती, होड्या गेल्या होत्या, माड आडवे झाले होते. त्या सगळ्यात हसण्यासारखी ही एकच गोष्ट घडली होती, म्हणून गावाने ती वर्षभर पुरवून वापरली. मेस्त्री दिसले की कुणीतरी विचारायचं, पायलट, आज उड्डाण कुठं? मेस्त्री म्हणायचे, इंधन भरतोय.

पुढचे दोन-तीन दिवस मी कौलांच्या मागे होते. मधेच पनवेलहून अक्षताच्या सासूबाईंचा फोन आला. बाई इतक्या चांगल्या की भांडायलाही जागा ठेवायच्या नाहीत. म्हणाल्या, आमचं स्लॅबचं घर आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे, तुम्ही एकट्या तिथे किती धावपळ करणार, पहिलं बाळंतपण माहेरी हे जुने रिवाज झाले, राहू दे तिला इथंच. प्रत्येक शब्द खरा होता. मी काय बोलणार? मग फोन अक्षताने घेतला. बाजूला गेली असावी, मागचा टीव्हीचा आवाज कमी झाला.

"आई, मला तुझ्याकडे यायचंय," ती म्हणाली. "पण तू उगीच हो म्हणू नकोस. रविवारी यांना काय ते सांगायचंय. पुढे प्रवास झेपणार नाही मला."

मी म्हटलं, रविवारी सांगते.

खाडीपलीकडच्या गावात जुनी शाळा पाडून स्लॅबची बांधत होते. तिची उतरवलेली मंगलोरी कौलं मैदानात पडून होती. तिथल्या सरपंचबाईंना कोकमाचं आगळ आणि फणसपोळी दिली, माझी सगळी कहाणी दिली, आणि टेम्पो भरून कौलं आणली. माझ्याकडे कोकमं फोडायला येणाऱ्या दोघी मदतीला होत्या. आम्ही नारळाच्या सोडणाने एकेक कौल घासून शेवाळ काढलं आणि अंगणात थप्प्या लावल्या. त्या थप्प्यांकडे बघत मी त्या दिवशी दोनदा चहा प्यायले.

शनिवारी मेस्त्री आले. खरंच आले. अंगणाचं बेडं, बांबूचं फाटक, सारून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. मग जवळ जाऊन एक कौल उचललं, बोटाच्या पेराने वाजवून बघितलं, खणखणीत वाजलं. कौल परत थप्पीवर ठेवताना त्यांनी ते असं ठेवलं, की जणू झोपलेलं मूल आहे.

"चांगली हायत," ते म्हणाले. "जुनी भाजणी. अशी आता नाय मिळत."

"मग उद्यापासून?"

ते ओटीच्या पायरीवर बसले. वरच्या उघड्या वाशांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि लगेच खाली मातीकडे.

"वैनी," ते म्हणाले, "कौल मिळत नाय."

मी थप्प्यांकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. वैशाखातलं ऊन माणसाच्या डोक्यात जातं, हे मी ऐकून होते.

"मेस्त्री, मग हे समोर काय ठेवलंय मी?"

"हे न्हवं." त्यांनी टेकडीकडे हनुवटी केली. टेकडीवर आमच्या सोमजाईचं देऊळ आहे. "आईचा. सोमजाईचा कौल मिळत नाय."

घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे मोठं काम काढलं, लग्न ठरवलं, विहीर खणली, की आधी ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. त्यालाही कौलच म्हणतात. छपराचं असतं ते कौल, देवीचा असतो तो कौल. मेस्त्री एकदा जरी "मिळालं नाय" किंवा "मिळाला नाय" म्हणाले असते, तरी मला कळलं असतं की कुठल्या कौलाचं बोलणं चाललंय. पण सलूनमध्येही ते म्हणाले "मिळत नाय", आताही "मिळत नाय", आणि त्या "मिळत"मध्ये ना तो, ना ते. तेवढ्या एका शब्दावर विसंबून मी खाडीपलीकडून टेम्पो आणला होता.

मी विचारलं, बाकीच्या घरांच्या वेळी देवीला विचारलं होतं का? ते म्हणाले, तिथं वेल्डर चढतात. मी म्हटलं, वेल्डरला देव लागत नाही का? देवीला नक्की काय विचारता, तर म्हणाले, वर चढू का असं.

मला वाटलं, झालं. आजवर सबबींना माणसं पुरत होती, ती संपली, आता देवीला कामाला लावलं. इतका संताप आला की मी आत जाऊन एक रिकामी बरणी घासून काढली. बाहेर आले तर मेस्त्री तसेच पायरीवर.

"उद्या सकाळी," मी म्हटलं, "माझ्यासमोर कौल लावा."

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. मेस्त्रींनी स्वतः पाकळ्या आणल्या होत्या, केळीच्या पानात बांधून, ओल्या करून. गुरवाचं नाव यशवंत. त्याने पाकळ्या सोमजाईच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या, दाराचा वारा लागू नये म्हणून एक फळी आड लावली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. हे तुझं लेकरू सुधाकर भुवड तुझ्या पायाशी आलंय आई, कुंदावैनींच्या घरावर चढायला त्याला हुकूम दे, उजवा दे नायतर डावा दे, पण लोंबकळत ठेवू नको.

आम्ही बसलो. समईची वात एकदा पुढे सारून झाली. बाहेर कुणी नारळ फोडून गेलं. पाकळ्या होत्या तिथेच. मी देवीच्या तोंडाकडे बघत होते. मनात म्हटलं, आई, तूही बाईमाणूस आहेस, माझी पोर पोट घेऊन तिकडे वाट बघत बसली आहे. एक पाकळी टाकायला तुला असा काय त्रास आहे? देवीच्या खांद्यावर चार मुंग्या फिरत होत्या. त्यांनाही घाई नव्हती.

"असंच चाललंय शिमग्यापासून," यशवंत गुरव हळूच मला म्हणाला. "हो बी म्हणत नाय, नको बी म्हणत नाय."

म्हणजे सोमजाईसुद्धा ठेकेदारच निघाली. मेस्त्री हात जोडून, डोळे मिटून बसले होते. मला ते तेव्हा सोंग वाटलं.

शेवटी गुरव उठला, पाकळ्या बोटाने काढल्या आणि म्हणाला, "आज आईच्या मनात नाय. उद्या बघू."

उद्या हा शब्द त्याने दुसऱ्या कुठल्याही दिवशी उच्चारला असता तर चाललं असतं.

मी उठले आणि चालू लागले. टेकडी उतरले, वाडी ओलांडली, अंगणात आले. मागे मेस्त्रींच्या चपला वाजत होत्या. ते काहीतरी समजूत घालत होते, मी ऐकत नव्हते. सुताराने सोडलेली शिडी पडवीला टेकून होती, ती ओढत आणली आणि पाख्याला लावली. साडीचा ओचा कमरेला खोचला. थप्पीवरचं एक कौल काखेत मारलं.

"वैनी, काय करता?"

"तुम्हाला कौल लागतो," मी म्हटलं. "मला कौलं लागतात."

आणि चढले.

रागात माणूस किती वर जातो, हे राग उतरल्यावर कळतं. शिडी संपली, मी रिपांना धरून वाशावर पाय देत तशीच सरकत गेले ती थेट आढ्यापर्यंत. आढ्यावर बसले. आता कौल घालायचं. कौल घालताना खालून, पागोळीकडून सुरू करतात, हे गावात जन्मलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते वरच्या रिपेवर टेकवलं आणि हात काढला. कौल सरकलं, दोन रिपांच्या मधून आत गेलं, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. ते जात राहिलं, जात राहिलं, आणि खूप खाली माझ्याच माजघरात, जिथे अक्षताची खाट टाकणार होते तिथे, फुटलं.

त्याबरोबर माझे पाय गेले. दुखले नाहीत, थरथरले नाहीत, नाहीसेच झाले. मी पालथी होऊन आढ्याला मिठी मारली आणि डोळे मिटून घेतले. दुपारचा साधा खारा वारा होता, रोज कपडे वाळवणारा. तो मला ढकलतोय असं वाटत होतं.

"वैनी, उतरा आता," खालून आवाज आला.

"उतरता येत नाही."

"शिडीकडे सरका."

"शिडी कुठाय ते दिसत नाही."

"डोळे उघडा."

"नाही उघडणार."

मग मेस्त्री म्हणाले, वेल्डर खालच्या वाडीत आहेत, मी बोलावून आणतो. मी ओरडले, जाऊ नका, तुम्ही गेलात तर मी पडेन. याला काही अर्थ नव्हता. खाली माणूस उभा असल्याने वरचं माणूस पडायचं थांबत नाही. पण ते थांबले. मी लाकडाला गाल लावून होते, नव्या लाकडाचा वास नाकात, आणि मला वाटत होतं की आषाढ येईल, पाऊस पडेल, मी इथेच असेन.

मग शिडी करकरली. थांबली. बऱ्याच वेळाने परत करकरली. कुणी खोल विहिरीतून पाणी ओढताना होतो तसा श्वासाचा आवाज येत होता. तो हळूहळू जवळ आला. रिपा दाबल्या गेल्याचं मला अंगाखाली कळलं. माझ्या हाताशेजारी एक हात आढ्यावर पडला आणि त्याने लाकूड असं आवळलं की सबंध आढं बारीक थरथरायला लागलं. मी डोळे उघडले. मेस्त्रींचा चेहरा चुना फासल्यासारखा होता. घाम हनुवटीवरून टपकत होता.

"मेस्त्री," मी विचारलं, "तुम्हाला काय झालं?"

"तुम्हाला झालं तेच," ते म्हणाले. "मला वर्षभर होतंय."

आम्ही दोघे आढ्याच्या दोन अंगांना पालथे पडून होतो, पाली पडतात तसे. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, लाकडाकडे बघत बोलले.

"लोक म्हणतात, मेस्त्रीनं पत्रा सोडला नाय. सोडायचं सुचलंच नाय वैनी. हात मिटले ते मिटलेच. खाली खाडी गेली. मग माड दिसले, वरनं. माणसानं माड वरनं बघायचे नसतात. उडवीत पडलो. डोळे उघडले तर सगळे भोवती उभे, हसत होते. जिवंत बघून हसले असतील. मी पण हसलो. एकदा हसल्यावर मग कुणाला सांगायचं? शिडीला हात लावला की माड दिसतात. वेल्डरांना चढवतो, खाली उभा राहतो. पत्र्याचं चालून गेलं. तुमचं कौलांचं होतं, मीच घालीन बोलून बसलेलो."

"म्हणून देवीला विचारत होता?"

"तिनं नको म्हटलं असतं तर सुटलो असतो. गावात सांगता आलं असतं, आईचा नकार हाय."

"आणि हो म्हणाली असती तर?"

मेस्त्रींनी गाल लाकडाला टेकवला.

"म्हणूनच," ते म्हणाले, "पाकळ्या मी गुळाच्या पाण्यात बुडवून नेत होतो."

मला कळायला क्षणभर लागला. मग देवीच्या खांद्यावरच्या मुंग्या आठवल्या. शिमग्यापासून बिचारी सोमजाई दोन्ही खांद्यांना गूळ लावून बसली होती, आणि मी तिला ठेकेदार म्हणत होते. मला हसू आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली, आणि तेही हसायला लागले. सलूनमध्ये हसले होते तसं नाही. हे पोटातलं होतं, त्याला आवाज नव्हता, डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्ही हसत होतो आणि आढं खालीवर होत होतं.

"थांबा," मेस्त्री एकदम म्हणाले.

"काय झालं?"

"हसू नका. थांबा जरा." त्यांनी हात आढ्यावर सपाट ठेवला, वैद्य पोट बघतो तसा. "हे हलतंय का?"

"आपण हसतोय म्हणून."

"आपल्या हसण्यानं आढं हलता कामा नये." ते एक हात पुढे सरकले. वाकून पलीकडच्या टोकाला बघितलं. "बघा. पाचर मारलीच नाय त्यानं तिकडच्या सांध्यात. तसाच ठेवून गेला मुंबईला. याच्यावर मी कौलं चढवायची? पहिल्या वाऱ्याला सगळं बाळंतिणीच्या अंगावर आलं असतं."

आणि ते निघाले. आधी पोटावर सरकत, मग बसून, ढुंगण घासत. सुताराच्या बापाचा उद्धार चालू होता. मग आजोबांचा. सांध्याशी पोचले तेव्हा दोन्ही पाय दोन वाशांवर देऊन उभे होते, आणि ते उभे आहेत हे त्यांच्या लक्षात नव्हतं. सुताराने कापून टाकलेला एक लाकडाचा तुकडा रिपेत अडकला होता, तो उपसून काढला, दाताने त्याची ढलपी सोलली. मी श्वास घ्यायचीही थांबले. वाटलं, आपण हू केलं तरी यांना माड दिसतील.

तेवढ्यात माझ्या कमरेचा फोन वाजला. एक हात आढ्यावरून सोडवायला मला फार कष्ट पडले.

"आई, कुठं आहेस?" अक्षता म्हणाली. "केवढा वारा वाजतोय."

"घरीच आहे."

"मग आत जा ना."

मागे तिच्या सासूबाई कुणाला तरी चहा देत होत्या.

"हे विचारतायत, काय ठरलं," ती म्हणाली. "खरं सांग हां आई. छप्पर होईल का?"

मी बघितलं. माझ्याखाली उघड्या रिपा होत्या, त्यांच्याखाली माजघर, माजघरात फुटलेल्या कौलाचे तुकडे. अंगणात थप्प्या जशाच्या तशा. पलीकडच्या टोकाला मेस्त्री माझ्याकडे पाठ करून उभे होते. पाचर सांध्यात घालून वरून मुठीने हाणत होते. दोन्ही हात सुटे होते.

"निघ," मी म्हटलं. "बॅग भर आणि निघ."

फोन कमरेला खोचला. अंगात जरा धीर आला तसा मी मेस्त्रींना आवाज दिला, तुमचं झालं की आधी मला खाली उतरवा, लेक येते आहे, माजघर झाडायचंय.

त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"बसा वैनी तिथंच," ते म्हणाले. "तुमचा भार हाय म्हणून आढं दबलंय. पाचर बसेपर्यंत हलू नका."